स्टिअरिंग तुमच्या हातात, पैसे मागच्या सीटचे

पत्र : माझं वय ४७. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, बावीस माणसं कामाला. चाकणच्या दोन कंपन्यांना माल जातो, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी तिकडे चक्कर असते. नऊ वर्षं इनोव्हा वापरतोय, गाडी मीच चालवतो. आता मर्सिडीजची ई-क्लास किंवा बीएमडब्ल्यूची ५ सीरीज घ्यावी असं मनात आहे. ३५ लाख एफडीत आहेत, बाकीचं कर्ज काढेन. बायको म्हणते, त्यापेक्षा तिसरी व्हीएमसी (धातू कापणारं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) घ्या. वडील ७६ वर्षांचे, निफाडजवळ मळ्यात राहतात. ते काही बोलत नाहीत, नुसते हसतात. मुलगी यंदा बारावीला आहे. सीए म्हणतात, धंद्यात दाखवा, टॅक्स वाचेल. दसऱ्याला घ्यायचा विचार आहे. घेऊ की नको?
– गंगापूर रोडवरचा एक वाचक

नमस्कार भाऊ,

'गाडी मीच चालवतो' हे तुम्ही ओघात लिहून गेलात. माझं अर्धं उत्तर त्या तीन शब्दांत आहे.

तुम्ही नावं घेतलेल्या दोन्ही गाड्या आपल्याकडे लांबवलेल्या रूपात मिळतात. मर्सिडीजने २०१७ पासून ई-क्लास भारतात लांब व्हीलबेसचीच विकली, आणि ती तुमच्याच नेहमीच्या वाटेवर, चाकणच्या कारखान्यात जुळवली जाते. बीएमडब्ल्यूने २०२४ मध्ये ५ सीरीजचं तेच केलं. ई-क्लासचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, ३०९४ मिलिमीटर आहे, ५ सीरीजचं ३१०५. हे वाढवलेलं अंतर सगळं मागच्या माणसाच्या गुडघ्यांपुढे जातं. ई-क्लासमध्ये तर मागची सीट मागे कलते, खिडकीला पडदे येतात, पुढची सीट मागूनच बटण दाबून सरकवता येते. ही गाडी ड्रायव्हर ठेवणाऱ्या मालकासाठी बनवलेली आहे. तुमच्या गाडीत त्या मागच्या सीटवर ड्रॉइंगची फाईल आणि सॅम्पलचा डबा बसणार. तुमच्या वाट्याला येणार ती फक्त लांबी : सोसायटीत वळवताना, सातपूरच्या गल्लीत ट्रकमागे अडकल्यावर, रविवार कारंजावर.

आज संध्याकाळी टेप घेऊन पार्किंगमध्ये जा. आपल्याकडच्या बऱ्याच सोसायट्यांत एका गाडीची जागा पाच मीटर लांब धरलेली असते. ई-क्लास ५.०९ मीटर आहे, ५ सीरीज ५.१६. म्हणजे नाक भिंतीला टेकवलं तरी शेपूट बाहेर. समोरच्या फ्लॅटवाल्याशी तुमचे संबंध कसे आहेत ते मला ठाऊक नाही, पण वर्षभर रोज सकाळी त्याला गाडी काढायची आहे.

आता रस्ते. इनोव्हाने तुम्हाला एक वाईट सवय लावली आहे, खड्डा दिसला तरी ब्रेक न मारण्याची. या सेदानचं पोट खूपच खाली असतं, आणि व्हीलबेस लांब असला की पुढची चाकं स्पीडब्रेकरवरून उतरतात तेव्हा मधला भाग त्याच्यावर टेकतो. नियमाप्रमाणे बांधलेला स्पीडब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि चांगला पावणेचार मीटर रुंद, पसरट असतो, त्यावरून काही होत नाही. पण गावच्या पोरांनी अपघातानंतर एका रात्रीत टाकलेला सिमेंटचा बांध नियम वाचून टाकलेला नसतो. निफाडकडे जाताना असे किती लागतात ते तुम्ही मोजा. डांबरी सोडून मळ्याच्या रस्त्याला लागल्यावर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमध्ये जी उंच पट्टी राहते, ती तर थेट खालचं कव्हर घासत जाते. शिवाय टायर. रुंद, पातळ कडेचे असतात, धारदार खड्ड्यात आपटले की बाजूला लिंबाएवढा फुगा येतो. तो दुरुस्त होत नाही, टायर बदलावाच लागतो, आणि साध्या विम्यात एकट्या टायरचे पैसे मिळत नाहीत. त्यात सिंहस्थाच्या कामांसाठी शहर खोदलेलं. त्र्यंबक रोड, द्वारका, कुठेही जा.

हे सगळं वाचून गाडीत काही राम नाही असं समजू नका. तिच्या बाजूनेही पुष्कळ आहे.

समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये उघडला आणि नाशिकहून मुंबईला जाताना कसारा घाट टाळता येऊ लागला. तिथे सपाट भागात कारला १२० ची मर्यादा आहे. त्या वेगाला उंच गाडी आणि सेदान यांतला फरक पोटाला कळतो. सेदान रस्त्याला धरून बसते, बाजूने ट्रक गेला तरी हलत नाही, आत आवाज येत नाही. इगतपुरीचा पावणेआठ किलोमीटरचा बोगदा अशा गाडीत शांतपणे बोलत पार होतो, इनोव्हात आवाज चढवावा लागतो. घरात कोणाला घाटात गाडी लागत असेल, तर कमी झुलणाऱ्या सेदानमध्ये तो त्रास बराच कमी होतो. ब्रेक, एअरबॅग, रात्रीचे दिवे हे सगळं वरच्या दर्जाचं असतं. चाकणहून रात्री उशिरा निघून नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर करत एकट्याने येणाऱ्या माणसाला चांगले दिवे आणि न दुखणारी पाठ हवीच. त्याला मी चैन म्हणणार नाही.

पण हे सुख या कंपन्यांच्या लहान सेदानमध्येही जवळजवळ तेवढंच मिळतं. सी-क्लास पावणेपाच मीटरची आहे. इथल्या ३ सीरीजलाही त्यांनी लांब केलंय, तरी ती ४.८२ मीटरमध्ये बसते. चालवायला दोन्ही हलक्या, चपळ. तुम्ही पुढे बसणार असाल तर मोठीचे जास्तीचे पैसे तुमच्या पाठीमागे खर्च होतात. मोठीच हवी असेल तर ऑडीची ए६ त्यातल्या त्यात आखूड, ४.९४ मीटर. तीही आपल्याकडचीच, छत्रपती संभाजीनगरला जुळवलेली.

वडिलांचं राहिलं. ते का हसतात ते मी सांगू शकत नाही, पण त्यांना एकदा शोरूममध्ये घेऊन जा आणि मागच्या सीटवर बसवा. बसताना काही वाटणार नाही, माणूस खाली जातो आणि मऊ सीटवर विसावतो. उतरताना बघा. एक पाय बाहेर, हात दाराच्या कडेला, मग गुडघ्यांवर सगळा भार घेऊन वर उठायचं. ७६ व्या वर्षी, गुडघे कुरकुरत असतील तर हे दर वेळी नकोसं होतं. इनोव्हाची सीट कमरेच्या उंचीला येते, माणूस सरळ आत सरकतो. नऊवारीतल्या बाईलाही तेच सोपं. म्हणून म्हणतो, काहीही घेतलंत तरी इनोव्हा विकू नका. नऊ वर्षांच्या गाडीचे जे येतील त्यापेक्षा मळ्याच्या वाटेवर तिचा उपयोग जास्त आहे.

आता पैसे, कारण कोटेशनवर जो आकडा दिसतो तो खर्चाचा एकच भाग असतो.

हिशोबापुरती एक्स-शोरूम किंमत ७५ लाख धरू. स्वतःच्या नावावर पेट्रोल गाडी घेतली तर महाराष्ट्रात २० लाखांपुढच्या गाडीला १३ टक्के रोड टॅक्स, डिझेलला १५. पेट्रोलचे झाले पावणेदहा लाख. विमा आणि किरकोळ धरून गाडी ८८ लाखांच्या आसपास रस्त्यावर येते. दहा लाखांवरच्या गाडीवर डीलर एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळी आगाऊ घेतलेला आयकर) वेगळा घेतो, तो रिटर्न भरताना वळता होतो, त्याची काळजी नको. तुमचे ३५ वजा जाता ५३ लाखांचं कर्ज. ९ टक्के व्याज आणि पाच वर्षं धरली तर हप्ता एक लाख दहा हजार, आणि एकूण व्याज तेरा लाख.

खरी गळती मात्र हप्त्यात दिसत नाही. विमा कंपन्यांच्या तक्त्यातच पाचव्या वर्षाला गाडीची किंमत निम्मी धरतात, आणि बाजार त्याहून उदार नसतो. ८८ ला घेतलेली गाडी पाच वर्षांनी ३८ ला गेली तर पन्नास लाख गेले. वर्षाला दहा. त्यात विमा, सर्व्हिस, टायर आणि तुमच्या अठरा हजार किलोमीटरचं पेट्रोल मिळवा, माझ्या अंदाजाने वर्षाला पंधरा लाखांच्या घरात जातं, व्याज सोडून. म्हणजे किलोमीटरला ऐंशीच्या वर रुपये. नाशिक ते चाकण आणि परत, एका चकरेला तीस हजार. त्या चकरेत किती ऑर्डर मिळते ते तुम्हालाच माहीत.

सीएंचं म्हणणं खोटं नाही, अर्धं आहे. धंद्यात दाखवलेल्या गाडीवर वर्षाला १५ टक्के घसारा, म्हणजे झिजेची वजावट, मिळतो. पहिल्या वर्षी सुमारे तेरा लाखांचा खर्च दाखवता येईल आणि तुम्ही ३० टक्क्यांच्या गटात असाल तर चारेक लाख टॅक्स वाचेल. पण त्यासाठी गाडी त्या आर्थिक वर्षात किमान १८० दिवस वापरात असावी लागते, नाहीतर घसारा निम्मा. दसरा बहुतेक वेळा ऑक्टोबरात पडतो. ऑक्टोबरची साधारण तीन तारीख उलटली की १८० दिवस भरत नाहीत. मुहूर्ताची ही किंमत सीएंनी सांगितली का? घरच्या वापराचा भाग अधिकारी वगळू शकतो, हेही विचारून घ्या.

तुमची फर्म प्रोप्रायटरशिप आहे की प्रायव्हेट लिमिटेड, ते पत्रात नाही. एकट्याची असेल तर गाडी तुमच्याच नावावर होते आणि वरचे दर लागतात. कंपनीच्या नावावर नोंदवली तर रोड टॅक्स थेट २० टक्के, म्हणजे ७५ लाखांवर सव्वापाच लाख जास्त. पहिल्या वर्षी वाचलेला टॅक्स आरटीओच्या काउंटरवरच संपला. आणि जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या जीएसटीतून वळता करणं, अशा गाडीला मिळत नाही. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा कर ४८ टक्क्यांवरून ४० वर आला हे खरं, पण तो चाळीस टक्के तुमच्याच खिशातला.

इथे वहिनींचं म्हणणं मला पटतं. व्हीएमसीवरचा १८ टक्के जीएसटी क्रेडिटने परत येतो, घसारा तिलाही मिळतो, आणि ती रोज सकाळी आठला कामाला लागते. ५३ लाखांचं कर्ज अंगावर घेतल्यावर बँक मशीनच्या कर्जाला तितक्या खुशीने होकार देणार नाही. पुढच्या वर्षी मुलीचं कॉलेज. मशीनची गरज आहे की नाही ते तुमच्या ऑर्डर-बुकवरून ठरवा. पण मशीनचं काम बाहेर जॉबवर्कला पैसे देऊन भागवत असाल, तर आधी मशीन.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, पण अंबडच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐकायला मिळेल. चाकणला कंपनीच्या गेटवर सिक्युरिटी गाडीचा नंबर लिहून घेतो, आणि परचेसवाल्यांच्या केबिनची खिडकी बहुधा पार्किंगकडेच असते. दर सुधारून मागायला गेलेला व्हेंडर ई-क्लासमधून उतरला की स्टीलचे भाव, कामगारांची मजुरी, वीजबिल यांवर तुम्ही काहीही सांगा, समोरचा गालात हसतो. 'भाऊ, तुमचं बरं चाललंय की, या वेळी दोन टक्के सोडा.' मोठी गाडी घेतलेले कितीतरी व्हेंडर चाकणला जुन्या गाडीनेच जातात, नवी रविवारी काढतात. तुमचंही तसंच होणार असेल तर जिच्यासाठी गाडी घ्यायची ती चाकणची चक्कर इनोव्हाच मारणार. उलट बाजूही सांगतो : बँकेत, निर्यातीच्या बोलणीत, परदेशी पाहुणा ओझर विमानतळावर उतरून फॅक्टरीत येणार असेल तेव्हा गाडीचं वजन पडतं. तुमच्या धंद्यात असे प्रसंग वर्षात किती येतात?

आणि दसऱ्याला गेटमधून हार घातलेली गाडी आत आली, की वीस दिवसांनी बोनसची बोलणी आहेत. बावीस माणसं पेढा खातील आणि मनात गणित करतील. त्यांना दोष देता येणार नाही.

तर माझा सल्ला. नवी ई-क्लास किंवा ५ सीरीज घेऊ नका. कर्ज काढून तर नकोच. हौस खरी आहे, नऊ वर्षं एकच गाडी चालवलीत, हौस मारून टाका असंही मी म्हणणार नाही. एफडीतले दहाएक लाख मुलीसाठी आणि अडीअडचणीला बाजूला ठेवा आणि उरलेल्यात जी बसते ती सी-क्लास किंवा ३ सीरीज तीन-चार वर्षं वापरलेली घ्या. थोडे कमी पडले तर मार्चपर्यंत थांबा, हप्त्यावर जाऊ नका. पहिल्या मालकाने सगळ्यात मोठी घसरण सोसलेली असते, तुम्ही तिथून पुढे चालू लागता. पाचेक मीटरच्या जागेत बसेल आणि स्टिअरिंगमागची मजा तुमच्या वाट्याला येईल.

पेट्रोलच घ्या. घर ते अंबड हे छोटं, थांबत-थांबत चालणं बीएस-६ डिझेलच्या धुराच्या फिल्टरला मानवत नाही, तो काजळीने भरतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. हायवेवर अर्धा तास पळवली की साफ होतो, पण महिन्यात दोनच चकरा असतील तर त्या भरवशावर राहू नये.

जुनी घेताना शक्यतो कंपनीच्याच सर्टिफाइड विभागातून घ्या, दोन-तीन लाख जास्त पडले तरी. मर्सिडीजची मूळ वॉरंटी तीन वर्षांची, बीएमडब्ल्यूची दोन. ती संपलेली असेल तर वाढवलेली वॉरंटी मिळते का ते आधी विचारा, कारण या गाड्यांचा गिअरबॉक्स किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा एक खर्च तुमच्या इनोव्हाच्या पाच वर्षांच्या सर्व्हिसला भारी पडतो. चासी नंबरवरून अधिकृत वर्कशॉपमध्ये सगळी सर्व्हिस हिस्टरी निघते, ती कागदावर घ्या. त्या कंपनीचं वर्कशॉप नाशकात आहे की प्रत्येक दिव्यासाठी ठाण्या-पुण्याला न्यावी लागणार, तेही त्याच दिवशी विचारा.

दिल्लीची गाडी स्वस्त मिळते म्हणून भुलू नका. तिथे जुन्या डिझेलवर असलेल्या निर्बंधांमुळे तिकडची जुनी डिझेलं बाहेर ढकलली जातात, आणि परराज्यातली गाडी इथे आणली की एनओसी आणून महाराष्ट्राचा टॅक्स पुन्हा भरायचा. मुंबईची असेल तर पुराचं पाणी बघा : चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. गाडी कितीही धुतली तरी पट्ट्याच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते, आणि वासही तिथेच कळतो. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते, ३२२३ म्हणजे २०२३ चा बत्तिसावा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या तारखांचे असतील तर का ते विचारा. डिकी उघडून स्टेपनी आहे की नाही, असली तर सामानाला किती जागा उरते ते पाहा. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच गाड्यांना रन-फ्लॅट टायर असतात, पंक्चर होऊनही ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर जातात, पण कडक असल्याने खड्डा थेट पाठीला कळतो.

टेस्ट ड्राइव्ह सेल्समनच्या मर्जीने गंगापूर रोडवर घेऊ नका. पाथर्डी फाट्याच्या बाजूने अंबडला न्या, सोसायटीचा रॅम्प चढवा, आणि मालक तयार असेल तर निफाडपर्यंत, वडिलांना मागे बसवून.

विम्यात झिरो डेप (सुट्या भागांची झीज न कापता भरपाई) आणि इंजिन प्रोटेक्ट दोन्ही घ्या. खालचा चेंबर दगडाला लागून तेल गळालं आणि तुम्ही तशीच गाडी हाकत राहिलात, तर इंजिन जाम झाल्याचे पैसे साध्या पॉलिसीत मिळत नाहीत. टोकन देण्याआधी बँकेचा बोजा उतरल्याची एनओसी आणि फॉर्म ३५ बघा, ट्रान्सफरचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म सही करून घ्या आणि पेठ रोडच्या आरटीओत नाव लागेपर्यंत थोडी रक्कम हातात ठेवा. करारात 'मोठा अपघात नाही, पुरात बुडालेली नाही' एवढं वाक्य लिहून मागा. जो लिहून देणार नाही त्याच्याकडून गाडी घेऊ नका.